घंटीच्या मागं मागं

माझं माहेर नरसीकडचं, दिलं इकडं जवळा बाजारच्या अंगाला, आन् दोन्हीकडं मेंढरंच, म्हणून जन्मल्यापासून अंगाला लोकरीचा वास हाय म्हणा ना. लगीन होऊन आले तवा सासू म्हणली, पोरी, भाकरी मागून शिक, आधी हाळी शिक. हाळी म्हंजे मेंढरं वळवायची हाक, पोटातून लांब ओढायची. माझी हाळी ओढ्यापल्याड जायची आन् तिकडून आमचे मालक तशीच हाळी द्यायचे. नवराबायकोनं एकमेकाचं नाव घ्यायचं न्हाई ना, मंग आमचं बोलणं तेच.

काय सांगू ताई तुम्हाला, मालकाचे डोळे गेले. एकदम न्हाई, कडंकडंनं गेले, आधी बाजूचं दिसंना, मंग समोरचं. डाक्टर म्हणे गेलेली नजर परत येत न्हाई. मला वाटलं, आता हा माणूस ओट्यावर बसून झिजून जाईल. पण मेंढरांत एक शेळी असती बघा, म्होरं चालणारी, तिच्या मागं सगळी जातेत. आमची ती चांदी. तिच्या गळ्यात म्या घंटी बांधली आन् मालक घंटीच्या मागं मागं चालाय लागले. सकाळी माळावर जायचे, दिवस कलला की चांदी घराकडं वळायची, तिच्या मागं मेंढरं आन् मेंढरामागं हे. नवख्या माणसाला कळायचं बी न्हाई की ह्याहिला दिसत न्हाई.

आन् औंदा माझ्याच छातीत गाठ निघाली. हिंगोलीच्या डाक्टरीणबाई खवळल्याच, काहून एवढे दिवस अंगावर काढलं? म्हणल्या, मोठ्या शहरात जा, गाठीला मशिनीचा शेक द्यावा लागंल, लई दिवस तिथंच राहावं लागंल. आमचा बाळू पुण्याला कंपनीत हाय, तो फोनवर रडून राहिला, माय, मेंढरं इक, बाबाला घेऊन कायमची इकडं ये, तिथं कुणाच्या भरवशावर राहता?

ये म्हणायला काय जातं. पारसाली गेलतो ना आमी, नातवाच्या बारशाला. चौथा मजला. दुपारी बाळू न् सूनबाई बाहीर गेले, मी जरा लवंडले, उठून बघते तर दार उघडं आन् मालक न्हाईत. काय करावं, कुणाला इचारावं? गॅलरीत गेले आन् पोटातून हाळी दिली. साऱ्या बिल्डिंगीच्या खिडक्या उघडल्या, कुणी हिंदीत वरडलं, क्या हुआ, मी आपली देतच राहिले. मंग खालून, गाड्या लावतेत तिथून, हाळी आली. जाऊन बघते तर एका खांबाला दोन्ही हातानं धरून उभे. म्हणाले, इथं कशाच्या मागं जावं गं?

म्हणून म्या बाळूला सांगितलं, मी येत न्हाई, मरीन तर इथंच मरीन. मालक म्हणाले, तू एकटी जा, मी राहतो. आन् ह्याहिला भाकर कोण करंल, चूल कोण पेटवंल? गेले तर हे जित्तेपणी मरतेत, राहिले तर मी मरते आन् माझ्यामागं हे. तुमी शिकलेल्या, तुमी सांगा ना ताई, काय करावं माणसानं? माझं तर डोकं चालणं बंद झालतं.

सोमवारी दारात मेंढरं घेणाऱ्या व्यापाऱ्याचा टेम्पो आला. मालकानंच बोलावलता, मला न इचारता. त्याहीनं चाचपून चांदीच्या गळ्यातली घंटी सोडून घेतली आन् तिला टेम्पोत चढवलं. ती चढली तशी सगळी मेंढरं तिच्या मागं चढली, एकालाबी ढकलावं लागलं न्हाई. मी मधी आडवी झाले, रडले, काय उपेग? टेम्पो गेल्यावर घंटी माझ्या हातात दिली, म्हणाले, कमरेला बांध. मी येतो तुझ्या मागं मागं.

हे बघा, बांधली. परवा निघायचं. पण शेक द्यायच्या खोलीत म्हणे एकटीलाच नेतेत, अंगावर काही ठेवू देत न्हाईत. तवा हे बाहीर काय करतील? आन् मी आतून आलेच न्हाई तर? घंटी कुणाच्या कमरेला बांधू?

असू द्या. तुमी ऐकून घेतलं, देव तुमचं बरं करो, तुमच्या घरची माणसं धडधाकट राहोत. सडकेपर्यंत सोडायला येत न्हाई, राग धरू नका. आत्ता कुठं त्याहिचा डोळा लागलाय. मी उठले की तेबी उठतेत.