हळू म्हणालो होतो मी!

...नाही नाही, हसू नका, आधी मला कुणीतरी सांगा, दाढ काढायला वीणा कशाला? तुम्हाला सांगतो, डावीकडची शेवटची दाढ अशी ठणकत होती की जेवण नाही, झोप नाही, म्हणून आमच्या ह्या कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात भीमाचार्य डॉक्टरांकडे गेलो, सोबत बायको, आमची वसुमती, तर डॉक्टर म्हणतात, "साठ साल उजाडलं हो अण्णा! परदेशात आता पेशंटला गाणं ऐकवतात. गाणं चालू, भीती बंद!" आणि विमानवाले लावतात तसलं यंत्र माझ्या दोन्ही कानांवर चढवलं, त्याची तार ग्रामोफोनला, आणि त्यावर वीणेची तबकडी! म्हटलं, डॉक्टर, सुई द्या की! "सुई आहेच, गाणं सुईच्या भीतीसाठी." सरी, म्हणजे बरं! पण दाढ काढायला वीणा कशाला?

बरं, वाजवा, पण केवढ्यानं? कानात नुसता दणदणाट! सुई कधी टोचली कळलंसुद्धा नाही, खोटं कशाला बोलू, पण डोकं भणभणायला लागलं. आता आमचं घराणं इथं तीनशे वर्षं, बाजारात कन्नड, कचेरीत कन्नड, पण जीव घाबरला की तोंडातून मराठीच येणार ना? मी ओरडलो, "हळू! हळू!" म्हणजे वीणा हो, वीणा हळू करा! पण जीभ झालेली जड, अर्धा गाल बधिर, आणि कन्नडात दाताला म्हणतात 'हल्लु'! डॉक्टरांना वाटलं, हा दात, दात म्हणून ओरडतोय. "हो हो, हल्लुच काढतोय!" (हे बोलणं सगळं नंतर वसुमतीनं सांगितलं, ती पडद्यापलीकडे बाकावर होती.) मी आणखी मोठ्यानं, "हळूऽऽ!" तेव्हा त्यांना शंका आली, ह्याला दुसराच दात दाखवायचाय की काय? पक्कड शेवटच्या दाढेवरून उचलून शेजारच्या दाढेला टेकवली आणि विचारलं, "इदेना? हीच का?"

मला काय ऐकू येणार, डोंबल? मला नुसते ओठ हलताना दिसतायत! आणि नेमका त्याच क्षणी तो वीणेवाला असा काही समेवर आला, असा आला... की माझी मान गेली ना खाली! डॉक्टर म्हणाले, "सरी." आणि कट्ट!

यंत्र काढून बघतो तर बशीत दाढ, शुभ्र, धडधाकट, किडीचा ठिपका नाही! मी अगदी रडकुंडीला आलो हो. वसुमती म्हणते, "मला वाटलं, तुम्हीच सांगताय!" डॉक्टर विचारतात, "दुखलं का?" आता काय सांगू? नाही दुखलं! जराही नाही! मग भांडू कशावरून, आणि आभार मानू तर कशाचे? दाढ काढायला वीणा कशाला, हे विचारायला तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी त्यात कापूसच कोंबला.

दुखरी अजून जागच्या जागी ठणकतेय. सोमवारी पुन्हा बोलावलंय, वीणा आहेच. वसुमतीनं बजावलंय, "ह्या खेपेला मान हलवायची नाही." बरं बाई, नाही हलवत... पण तुम्हीच सांगा, तो पुन्हा तसाच समेवर आला, तर मान माझ्या हातात असते का?