झाड वीतभर, पाटी हातभर

पेटीवाले, जरा थांबा. मंडळी, ऐका! आज तुम्हाला एकच प्रश्न विचारतो — चोर पकडणं सोपं, की स्वतःची चूक पकडणं? हसू नका! मागच्या रांगेत कोण हसलं ते मला दिसलंय. तुमच्यावरही माझा डोळा आहे!

तर, आमच्या शिक्षक कॉलनीत एक बाग आहे. तिथं आम्ही झाडं लावायचं ठरवलं. वीस घरं, वीस रोपं. मांडव घातला, नारळ फोडला, रोपांना हळदकुंकू वाहिलं. प्रत्येक रोपाशेजारी नावाची पाटी — झाड वीतभर, पाटी हातभर! माझीही होती बरं का. 'कीर्तनकार भानुदासबुवा', ठळक अक्षरात. खोटं कशाला बोलू?

पाहुणे घाईत. पटापट रोपं खड्ड्यात, वर माती, फोटो! संपला कार्यक्रम.

आणि दहाव्या दिवशी पानं पिवळी पडली! रोज पाणी घालतोय हो आम्ही. बादल्या बादल्या! एक झाड मान टाकतंय, दोन टाकतायत, पाच टाकतायत. आमचे अध्यक्ष उत्तमराव निकते हळूच म्हणाले, "बुवा, हे आपोआप होत नाही. कुणीतरी करतंय."

झालं! 'कुणीतरी' हा शब्द फार वाईट, मंडळी. तो एकदा घरात शिरला की सगळ्यांची तोंडं न्याहाळत फिरतो.

कोण असेल? कार्यक्रमाचा फोटो बाहेर काढून बघितला. सगळी कॉलनी हसतेय, फोटोत नाही तो फक्त हैबती! हैबती म्हणजे बागेचा म्हातारा माळी. फाटकाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बायकोला घेऊन राहायचा. दुसरं छप्पर नाही. उत्तमराव म्हणाले, "फोटोत नाही! म्हणजे याला राग आहे." मी म्हणालो, "बागेची किल्लीही त्याच्याकडेच." तिसरा म्हणाला, "त्याच्या नखांत माती असते!" अहो, माळ्याच्या नखांत माती नसेल तर काय अत्तर असेल? पण तेव्हा आम्हाला तो पुरावा वाटला. आम्ही शिकलेली माणसं ना!

लगेच फर्मान निघालं — झाडांना कुणी हात लावायचा नाही. आणि आम्ही पाळत ठेवली. पहाटे फटफटलं, तेव्हा मी आणि उत्तमराव घाणेरीच्या झुडपामागे. अंगाला काटे टोचतायत, पण माणूस पकडायला मिळणार म्हटल्यावर काटे गोड लागतात!

आणि आला हो हैबती! हातात खुरपं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गेला थेट माझ्या झाडापाशी, बसला, आणि मूळच उकरायला लागला!

मी ओरडलो, "अरे हैबती! माझ्या झाडाच्या मुळावर उठलास? आजच्या आज खोली रिकामी कर!"

म्हातारा दचकला. खुरपं खाली पडलं. त्यानं मातीतनं एक काळी पिशवी ओढली आणि माझ्या हातात दिली.

रोपवाटिकेची पिशवी, मंडळी! प्लास्टिकची! फोटोच्या घाईत आम्ही वीसच्या वीस रोपं पिशवीसकट पुरली होती! मूळ बाहेर पडायला जागा नाही, आणि वरून आमच्या भक्तीच्या बादल्या. मुळं आत कुजत होती.

उत्तमरावांचा आवाज खाली आला. "अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"त्या दिशीच सांगत हुतो, सायेब. तुमी म्हनला, हैबती, बाजूला हो, फोटोत येतोस. मंग हात लावू नका म्हनला. म्हून गुपचूप काढतोय. दोन झाली, ती बघा, पालवली. खोली आज सोडतो. पन बाकीची मरतील हो."

मंडळी, मी रोज क्षमा आणि नम्रता यांच्यावर निरूपण करणारा माणूस. लाज वाटली. पाय धरायला वाकलो, तर त्यानं हात धरला. "बुवा, पाया मागनं पडा. तुमचं धरून अठरा राह्यल्यात. ऊन चढायच्या आत झाली पायजेत. खुरपं आना."

आम्ही खुरपी आणली. ज्यांच्या नावाच्या पाट्या, ते सगळे गुडघ्यांवर! नखांत माती गेली. त्या अठरांतली नऊ झाडं वाचली, नऊ गेली. त्या नऊंच्या पाट्या मी काढू दिल्या नाहीत. लोकांनी वाचू देत. त्यातली एक माझीच आहे. हैबती अजून त्याच खोलीत आहे, आणि आता मातीचं काही असलं की आम्ही आधी त्याला विचारतो.

आता तुम्ही! खाली बघू नका. तुमच्याही घरात काहीतरी सुकतंय, आणि तुम्हीही 'कुणीतरी करतंय' म्हणून कुणाकडे तरी बघताय. सून असेल, भाऊ असेल, शेजारी असेल. मला एवढंच सांगा — तो माणूस काहीतरी सांगायला पुढे आला होता, तेव्हा त्याला 'बाजूला हो' कोण म्हणालं होतं?

वाजवा आता टाळ. पण घरी गेल्यावर आधी त्याला विचारा.