डब्यावर माझं अक्षर होतं

—नाही, एमिल खाली येत नाही. येणारही नाही. जिन्याकडे बघत उभे राहू नका, मास्तर, बसा त्या स्टुलावर. शिकायचंय ना? मग माझ्याकडून शिका, नाहीतर तो तुमचा गोळ्या भरलेला कॉफीचा डबा उचला आणि चालू लागा. क्लबातल्या क्लाइड रुस्नाकने पाठवलं ना तुम्हाला? एमिल हुडाककडे जा, घरी काडतुसं भरण्यात या खोऱ्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही — आणि जाता जाता हेही सांगितलं असेल, की त्याच्या बायकोला मात्र काडतुसांना हात लावू देऊ नका. मान कशाला हलवताय, चेहऱ्यावर दिसतंय. ती बायको मीच. व्हर्ना. नवऱ्याचा डोळा गेला तो मी भरलेल्या काडतुसाने, असं अख्खं गाव म्हणतं. दोन वर्षं झाली, नेमबाजीच्या क्लबात मला बंदी आहे. असू दे. हे तळघर माझं, हे टेबल माझं, आणि इथे मला बंदी घालणारा अजून जन्माला यायचाय. चष्मा लावा आधी. तो नाही, तो वाचायचा. हा जाड.

हं, दाखवा आता काय आणलंय ते. अग्निशामक दलाच्या हॉलवरच्या बाजारातून ना? कोपऱ्यातला तो दाढीवाला, पौंडाच्या वजनावर विकतो तो? वाटलंच मला. कुठल्या तरी देशाच्या फौजेने जुनी काडतुसं मोडली, आतल्या गोळ्या उपटून विकल्या, त्या दहा हात फिरत फिरत इथे पेनसिल्व्हेनियात आल्या आणि शेवटी तुमच्या गळ्यात पडल्या. स्वस्त पडल्या म्हणून खूश झालात. दाढीवाल्याने सांगितलं, अहो गोळी ती गोळी — आणि तुम्ही ऐकलंत. गणिताचे मास्तर ना तुम्ही? मग सांगा, वजन केलंत? केलंत. शाबास. पुस्तकात बघितलंत, एवढ्या वजनाच्या गोळीला बंदुकीची दारू किती लिहिलीय ते? बघितलंत. मग, भरली की काय एवढ्यात? — किती? — वीस. कुठे आहेत? — अहो, कोटाच्या खिशात घालून फिरताय? काढा. सगळी काढा, इथे ओळीने ठेवा. सोमवारी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू, शाळेला सुट्टी, आणि आमचे मास्तर ही वीस घेऊन रानात जाणार होते. तुमच्या आईने तुम्हाला काय खाऊ घालून वाढवलं हो?

रागावू नका. रागावलात तरी चालेल, पण बसा. वजन सारखं म्हणजे गोळी सारखी, हे कुणी शिकवलं तुम्हाला? शिसं जड, पोलाद हलकं. पोटात पोलाद घातलेली गोळी तेवढ्याच वजनाला लांब होते — होते की नाही? तुम्हीच सांगा, फळ्यावर तुम्हीच शिकवता ना. आता लांब गोळी तेवढ्याच उंचीच्या काडतुसात बसवायची म्हणजे ती पितळी कवचात जास्त खाली घुसणार, खाली घुसली की दारूला जागा कमी, जागा कमी तर दाब जास्त. एवढंच आहे. यात काही मंत्रतंत्र नाही. आणि जाडी? जाडी मोजलीत? नाही मोजली, कारण मायक्रोमीटरच नाही. हा घ्या माझा. हळू, आवळू नका. वाचा. मोठ्याने वाचा. — तीनशे अकरा. आणि तुमच्या रायफलच्या नळीला हवी किती? तीनशे आठ. म्हणाल तीन हजारांश इंचाने काय आभाळ कोसळतंय. गोळीला मागून आग लागलेली असते, मास्तर, तिला पुढे जावंच लागतं, वाट अरुंद असली की मागे रेटा येतो, आणि मागे कोण असतं? मागे तुमचा गाल असतो.

आणि हे बघितलंत का, या तिघींच्या टोकाला हिरवट काहीतरी आहे? रंग आहे तो, झिजलेला. फौजेत रंग हौसेने लावत नाहीत. एखादी पेटत जाते, एखादी चिलखत फोडते, कुठला रंग कुठल्या देशात काय सांगतो ते मला येत नाही, आणि येत नाही हे सांगायला मला लाज वाटत नाही. ज्याला येत नाही त्याने बाजूला ठेवायची — कापायची नाही, ठोकायची नाही, कानशीने घासून बघायची नाही. लोहचुंबक लावून बघितलं? चिकटते, हो. तेवढ्यावर उड्या मारू नका, नुसतं वरचं वेष्टन लोखंडी असलं तरी चिकटते. म्हणजे कळलं काय? काहीच नाही कळलं. आणि जी कळली नाही ती भरायची नाही. 'थोडी कमी दारू घालून बघतो' — हेही नाही. मला माहितीय तुम्ही हेच म्हणणार होता, सगळे हेच म्हणतात. दुकानात जा, बनवणाऱ्याचं नाव छापलेल्या नव्या गोळ्या आणा, त्याच गोळीसाठी जो आकडा छापलाय तोच बघा, आणि त्यातला सगळ्यात खालचा घ्या. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. आणि भरलेलं काडतूस कधीच जुन्या लेबलाच्या डब्यात ठेवायचं नाही. आधी लेबल खरवडायचं. नखाने खरवडा, सुरीने खरवडा, पण खरवडा. एमिलने ते खरवडलं असतं तर —

म्हणजे मी. मी खरवडलं असतं तर. काडतुसं माझीच होती ना, गाव सांगतंय.

काय बघताय? बघू नका असं. हे हातोडीसारखं अवजार घ्या, तुमची काडतुसं मोडायला लागू. रंगाच्या गोळीची कुठली आहेत का यात? नाही? नक्की? मग एकेक घाला आणि आपटा, जोरात नाही, दमाने. — असं. गोळी आली बाहेर, दारू आली बाहेर. ही दारू परत डब्यात नाही घालायची, ती वेगळी, बाहेर मोकळ्यावर लावू तिची वाट. अशी वीस. तुमची शिक्षा आहे ही.

तुम्ही शाळेतल्या पोरांना असंच पकडता का? गप्प बसून? वाईट खोड आहे. बरं, ऐका. ऐका आणि इथेच सोडून जा. एमिलला रेघा दिसत नाहीत. तेव्हाही दिसत नव्हत्या. वजनकाट्याच्या, मायक्रोमीटरच्या, कशाच्याच. मला म्हणायचा, 'व्हर्ना, वाच बघू, येतं का तुला' — परीक्षा घेतोय असं दाखवायचा. पंधरा वर्षं माझी परीक्षा चालली होती आणि मी पंधरा वर्षं पास होत होते. चष्मा कर म्हटलं की आठवडाभर अबोला. क्लबचा गुरू ना तो, चाळीस वर्षं, भिंतीवरचे सगळे नियम त्याने लिहिलेले. गुरूला चष्मा कसा लागेल? तर ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतला शुक्रवार होता, मी चर्चच्या तळघरात पिरोगी, त्या बटाट्याच्या करंज्या, वळत होते, बाराशे वळायच्या होत्या. आणि याच्या हाती अशाच गोळ्या लागल्या. अशाच, हुबेहूब. मी घरी नाही, आणि थांबवेना त्याला. हातात घेऊन म्हणाला असेल, ओळखीची वाटते. वजन अंदाजाने वाचलं असेल, जाडी मोजलीच नाही, वहीत तीनशे आठ लिहून टाकलं — पाठ होतं ना, न बघता लिहिलं. आणि भरलेली काडतुसं ठेवली माझ्या जुन्या डब्यात. डब्यावर माझं अक्षर. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, म्हणून घरातली सगळी लेबलं मीच लिहायची.

शनिवारी क्लबात एमिलच्या हातात रायफल फुटली. डावा डोळा आणि दोन बोटं. क्लाइड तो डबा हातात घेऊन हॉस्पिटलात आला, म्हणाला, व्हर्ना, हे तुझं अक्षर. मी म्हटलं, माझंच आहे. खोटं कुठे बोलले? अक्षर माझंच होतं. आणि पट्ट्या बांधलेला एमिल शेजारीच पडलेला, जागा होता, मला ठाऊक आहे जागा होता, कारण त्याच्या श्वासाचा आवाज मला एकेचाळीस वर्षांचा पाठ आहे. मला वाटलं, बोलेल. आता बोलेल, क्लाइड जिना उतरायच्या आत बोलेल. नाही बोलला. मग वाटलं घरी आल्यावर. मग वाटलं माझ्यावर बंदी घातली त्या रात्री तरी. आता दोन वर्षं वरच्या खोलीत बसलाय. गावाने मला वाळीत टाकलं त्याचं मला काही नाही, चर्चमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते, मी त्यावर पर्स ठेवते, ऐसपैस बसते. आणि मला देवीबिवी करू नका मास्तर, मी प्रेमाने नाही केलं हे. केलं असेल थोडं. पण मग मी रागाने गप्प राहिले. म्हटलं, बघू तर खरं, किती दिवस हा मला माझ्याच घरात गुन्हेगार ठेवतो. बघतेय. अजून बघतेय. त्याने एकदा, फक्त एकदा, माझ्या तोंडावर म्हणावं, व्हर्ना, मीच भरली होती. गावात दवंडी नको. इथे म्हण, स्वयंपाकघरात म्हण, मी त्याच दिवशी सगळं विसरेन — नाही, विसरणार नाही, पण जेवायला वाढेन नीट. आणि तुम्ही क्लबात जाऊन तोंड उघडलंत ना, तर मी सांगेन मास्तर खोटं बोलतात. माझं ऐकतील. मी कबूल केलेली बाई आहे, माझ्या शब्दाला वजन आहे. चला, घाला पुढचं काडतूस. आपटा. — का थांबलात? कुठे बघताय?

एमिल.

किती वेळ उभा आहेस तिथे? कठडा धर, तिसरी पायरी तुला दिसत नाही. — हे शाळेतले नवे मास्तर आहेत, त्यांनी तुझ्यासारखाच शहाणपणा केलाय. — नाही मास्तर, उठायचं नाही, बसा खाली, तुमच्यासमोरच. — काय? — मोठ्याने बोल. — माझ्याकडे नको, मास्तरांकडे बघून बोल, त्यांना एमिल हुडाककडूनच शिकायचंय.

— बरं.

— हं. ऐकलं मी. तीन शब्दांना दोन वर्षं लागली तुला.

मास्तर, तुम्ही निघा आता. राहिलेली काडतुसं इथेच राहू द्या, गोळ्याही राहू द्या, सोमवारी रानात जायचं असलं तर दुकानातली विकत घ्या. काही विचारू नका. वर जाताना दार ओढून घ्या, नीट, कडी लागल्याचा आवाज आला पाहिजे. आम्हा दोघांना भांडायचंय. दोन वर्षं तुंबलंय.