तंबाखूमुक्त शाळेतली मिश्री

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष सोमशेखर अण्णा, गडहिंग्लजहून मुद्दाम आलेले केंद्रप्रमुख साहेब, माझे सहकारी, पालक आणि मुलांनो, सर्वांना या मुख्याध्यापिकेचा सेवेतला शेवटचा नमस्कार.

"आमच्या नीलम्मा बाईंनी तंबाखूमुक्त शाळेचा पुरस्कार आणला," असं अण्णा आत्ताच म्हणाले. खरं आहे. शाळेपासून शंभर यार्डांवरची पिवळी रेषा मीच आखून घेतली. तिच्या आत तंबाखू आणायचा नाही, हा नियम मी चौदा वर्षं काटेकोर पाळला. दिवसातून तीनदा रेषेबाहेर जाऊन मिश्री लावून आले.

हसा, हसण्यासारखंच आहे. गेल्या वर्षी वर्गात शांभवीनं विचारलं, "बाई, मिश्रीपण तंबाखूच की?" मी म्हणाले, "छे गं, ते दंतमंजन." तंबाखू तव्यावर भाजला की त्याचं दंतमंजन होतं, हे विज्ञान माझ्याखेरीज कुणाला ठाऊक होतं? शांभवी, बाई तुझ्याशी खोटं बोलल्या. त्याची मला लाज वाटते.

शाळेचा आहार शिजवणाऱ्या आक्कांनी एकदा मला वाटेत गाठलं. "बाई, दिसातनं तीनदा घासाय दात हायत का पितळंची भांडी?" मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. एवढा राग मला खोटं बोलणाऱ्याचाही कधी आला नव्हता.

जानेवारीत डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला. अजून वेळ गेलेली नाही, म्हणाले, पण मिश्री आजच थांबवा. मी घाबरले आणि चार दिवस टिकले. पाचव्या दिवशी डोकं जड झालं, हजेरी घेताना नावं चुकायला लागली, आणि दुपारी मी रेषेबाहेर उभी होते. मुलांना मी सांगायचे, मनाचा निर्धार हवा. निर्धार मी रोज सकाळी करते, डबीही रोज सकाळीच उघडते.

सोमवारी कोल्हापूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात जायचं ठरवलंय. न जाण्याची कारणं आतापासूनच सुचायला लागलीत, आणि चांगली पटणारी आहेत. म्हणून हे सगळं तुमच्यासमोर बोलून टाकलं.

तुम्ही जीव लावलात, मनापासून आभारी आहे. पण एक विचारू? माझी मिश्री तुम्हा सगळ्यांना ठाऊक होती ना? बाईंना कसं बोलायचं, म्हणून गप्प राहिलात. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा असावी, आणि उद्यापासून माझा आदर जरा कमी करा.