लेकरू संग घेऊन ये

देवीची लस टोचून घ्यायला पावर हाउसच्या दवाखान्यात बायांची रांग लागली होती. तान्ह्या लेकीला घेऊन उभ्या असलेल्या वासंतीच्या अगदी पुढे, कडेवर लहान मुलगा घेतलेली, प्लांटच्या बांधकामावर घमेली वाहणारी मथुरा आणि तिची शेजारीण सिंधुताई बोलत होत्या.

"तुह्या हिरीले शाळेतून कावून काढलं वो, मथुरे?"

"मी कामावर जातो, तं लहान्याले कोन पाहीन?"

"मास्तर तं घरी येऊन सांगून गेले ना, लेकरू संग घेऊन ये, पन शाळा सोडू नको म्हून?"

"नेलं ना आठ दिवस! रडून रडून वर्ग डोक्यावर घेतला यानं. पोरं हिरीले 'माय, माय' करून चिडवत. आता हिरीच म्हनते, मी जात नाही."

"चवथीत पहिली आली होती पोरगी! आपल्यावानी अंगठा उठवत राहीन जलमभर."

"पहिली आली, तं माह्यं घमेलं हलकं झालं का, सिंधुताई?"

वासंतीला राहवलं नाही. "अहो, असं नका करू. पोरीचं फार नुकसान होईल."

"तुमी नोकरी करता का, बाई?" मथुराने विचारलं.

"सोमवारपासून जाणार आहे. शाळेत शिकवायला."

"अन् हे लेकरू कोनापाशी ठेवान?"

"तेच तर! कोणी मिळतच नाहीये."

"मंग हिरीले धाडू का? एकाले पाहते, तं दोघाले पाहीन."

"सांगा बाई, आता तुमीच सांगा इले," सिंधुताई म्हणाली.

वासंतीने लेकीचं टोपडं सारखं केलं.

"साडेनऊला येईल ना ती? माझी शाळा दहाची आहे."