आईच्या फोनमधली फाइल

शिवणकामावर पोट भरणारी एक बाई डोळ्यांच्या दवाखान्यात आपल्या नंबरची वाट बघत होती. शेजारी डोळ्यांत औषध घालून, डोळे मिटून बसलेले आजोबा लेकीशी बोलत होते.

"म्हणजे तू नेमकं करतेस काय?"

"फाइल फोटोची असो, पत्राची असो, आवाजाची असो, माझा प्रोग्रॅम फक्त 'उघड' म्हणतो, बाबा."

"आणि उघडतं कोण?"

"प्रत्येक प्रकारासाठी प्रोग्रॅमचा वेगळा तुकडा. कसं उघडायचं ते ज्याचं त्याने बघावं, पण 'उघड' म्हटलं की उघडायचं, हा करार सगळ्यांना सारखा. त्यालाच इंटरफेस म्हणतात."

"मग आई गेल्यावर तिच्या जुन्या फोनमधली फाइल का उघडेना?"

"तिच्यातला आवाज जुन्या प्रकारचा, त्याचा तुकडाच नव्हता. काल मी लिहिला. बाकी कशाला हातसुद्धा लावावा लागला नाही."

"उघडली?"

"उघडली."

"ऐकलीस?"

"तुमच्याआधी नको वाटलं."

"लाव मग. या कानाला."

लेकीने फोन त्यांच्या कानाला लावला.

"काय म्हणतेय आई?"

"म्हणतेय, अहो, हे बंद कसं करायचं?"

"एवढंच?"

"एवढंच. चुकून दाबलं गेलं असणार तिच्याकडून."

"हं."

"परत लाव."

नर्सने बाईचा नंबर दोनदा पुकारला. बाई उठली नाही.