बर्गनला कोनीच नाय लागलं

क्लेमेंटीन : आनि ह्या फोटोतला हा धक्का? हितं लिलाव होतो मासळीचा?

ज्ञानदा : लिलाव नाही मावशी, नुसता बाजार. बर्फावर मासे मांडलेले आणि विकणाऱ्या बाया एकदम गप्प. तुमच्यासारखं कोणी ओरडत नाही.

क्लेमेंटीन : मग गिऱ्हाईक येतं कसं? नि ही रंगीत घरं लाकडाची? पान्याला लागूनच हायत. आपलं पाचूबंदरच म्हन की, फक्त धुतलेलं.

ज्ञानदा : अगदी!

क्लेमेंटीन : तुझा एकपन फोटो नाय यात.

ज्ञानदा : काढणार कोण? एकटीच होते ना. पाठीवर सॅक आणि हातात नकाशा. आई अजून शेजाऱ्यांना सांगते, ऑफिसच्या कामाला गेली होती म्हणून.

क्लेमेंटीन : तुझ्या आईच्या दारात टोपली उतरवली होती मी त्या दिवशी. तू आतून म्हनालीस, मी बर्गनला जाते, नि माझ्या हातातला सरंगा खाली पडला. माझा नवरा थॉमस बोटीवर असताना तिथंच वारला, त्याला बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्या गावाचं नाव दुसऱ्या कोनाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

ज्ञानदा : आठवतंय. आई म्हणाली, मासा धुऊन द्या.

क्लेमेंटीन : बंदर पुरे झालं आता. थॉमसचा दाखव.

ज्ञानदा : चहा टाकू का मी?

क्लेमेंटीन : मघाशी झाला की. कबर मिळाली ना?

ज्ञानदा : जागा मिळाली.

क्लेमेंटीन : म्हंजे?

ज्ञानदा : टेकडीच्या उतारावर आहे. खाली पाणी दिसतं, येणारी-जाणारी जहाजं दिसतात. झाडं आहेत. फार छान ठेवलंय हो सगळं.

क्लेमेंटीन : बाय, मासा घेतानापन तू असंच करतेस. भाव पाडायचा असला की आधी माझ्या लेकीची, अँजेलिनाची चौकशी. काय झालं ते सांग.

ज्ञानदा : तिथे काकांचं नाव नाहीये. तुम्ही दिलेल्या कबरीच्या नंबरावर दगड आहे, पण नाव एका बाईचं. मला वाटलं, माझंच चुकलं. मग तिथल्या ऑफिसात गेले. तिकडे म्हणे कबर ठरावीक वर्षांसाठीच देतात. पुढे राहू द्या म्हणून घरच्यांनी सांगावं लागतं. कोणी विचारायला आलं नाही, तर जागा दुसऱ्याला देतात.

क्लेमेंटीन : दुसऱ्याला?

ज्ञानदा : हो ना, मावशी. मी हे सांगणारच नव्हते. तुम्ही दिलेली मेणबत्ती लावली, सगळं ठीक आहे, असं सांगायचं ठरवून आले होते.

क्लेमेंटीन : कोनी विचारायला आलं नाय, असं म्हनाले?

ज्ञानदा : हो.

क्लेमेंटीन : कुनाला विचारायचं होतं मी? तार आली तेव्हा त्याला पुरून झालं होतं. मागून त्याची पेटी आली. दोन सदरे नि एक लोकरीची टोपी. मग पाचूबंदरचा जो पोरगा बोटीवर निघाला, त्याच्या घरी गेले मी मेणबत्ती घेऊन. बर्गनला लागलात तर एवढी लावा रे म्हटलं. कोनाची बोट दुबईला, कोनाची सिंगापूरला. बर्गनला कोनीच नाय लागलं. मी विचारत होते, बाय. हितं बसून मी विचारतच होते.

ज्ञानदा : रडू नका ना.

क्लेमेंटीन : रडू दे जरा. माझं रडायचं राहिलंच होतं.

ज्ञानदा : मला त्यांचा इतका राग आला! असं कसं करवतं माणसांना? मेलेल्या माणसाला काढून टाकायचं?

क्लेमेंटीन : काढलं? कोन म्हनालं काढलं?

ज्ञानदा : जागा दुसऱ्याला दिली म्हणजे काढलंच ना?

क्लेमेंटीन : तुमच्यात जाळतात, म्हनून तुला ठाऊक नाय. आपल्या चर्चच्या मागं जागा ती केवढी? आमच्यातपन तेच करतात. काही वर्षं गेली की तीच कबर उघडायची, हाडं एका बाजूला सारायची, नव्या मानसाला वर ठेवायचं. माझ्या सासूच्या वर आता शेजारची कार्मिन हाय. नळावरून भांडल्या होत्या, मरेपर्यंत बोलल्या नाय एकमेकींशी. आता पडल्यात जवळ-जवळ.

ज्ञानदा : खरंच?

क्लेमेंटीन : मी तरी कुठं जानार? त्या दोघींच्यातच. थॉमस हाय तिथंच, खाली. वर ती बाई आली, एवढंच.

ज्ञानदा : ऑफिसातली बाईपण हाताने काहीतरी दाखवत होती. खाली, खाली, असं. मी नीट ऐकलंच नाही. तडक उठून बाहेर आले.

क्लेमेंटीन : नि मेणबत्ती?

ज्ञानदा : ही काय. परत आणली. परक्या बाईच्या कबरीवर तुमची मेणबत्ती कशी लावू, तेच कळेना. म्हटलं, अंधार पडला की ठरवू. बाकावर बसून राहिले. उन्हाळ्यात तिथे रात्रच होत नाही धड. अंधार पडलाच नाही.

क्लेमेंटीन : लावायची होतीस. तिलापन चाललं असतं.

ज्ञानदा : चुकलंच माझं.

क्लेमेंटीन : नाय चुकलं. परक्या मुलखात एकटी पोर माझ्या मानसापाशी रात्रभर बसलीस. इतक्या वर्षांत त्याच्यापाशी दुसरं कोन बसलं? दे ती इकडं. क्रुसाखाली ठेवू. आधी खिडकी लाव, वारा हाय.

(खिडकी लागते. काडी ओढल्याचा आवाज.)

ज्ञानदा : पेटली.

क्लेमेंटीन : त्या बाईचं नाव काय होतं?

ज्ञानदा : इंगेबोर्ग.

क्लेमेंटीन : इंगे... इंगेबोर. मृतांच्या दिवशी मिस्साला फादरना प्रार्थनेसाठी दोन नावं देईन. थॉमस नि इंगेबोर. तिच्यासाठी तरी कोन विचारायला येत असेल की नाय, देव जाने. वयानं केवढी होती?

ज्ञानदा : दगडावरच्या तारखांवरून म्हातारीच असणार. ऐंशीच्या पुढची.

क्लेमेंटीन : मग बरं झालं. घेईल सांभाळून. तिला कोनी सांगितलं नसेल, तो फार घोरतो.